मेंदूतल्या ‘बाकीच्या’ पेशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतची. बेंगळुरूच्या एका संस्थेत मेंदूतल्या ग्लिया पेशींवर, म्हणजे न्यूरॉनच्या सोबतीला असणाऱ्या ‘बाकीच्या’ पेशींवर, काम करते. नांदेड, परभणी, लातूर, संभाजीनगरच्या कॉलेजांत बोलायला गेले की ठरावीक प्रश्न येतात, आणि लग्नाच्या पंगतीत तर त्याहून जास्त. काही पोरांचे, काही पालकांचे, एक-दोन हळदीच्या व्यापाऱ्यांचे. उत्तरं इथं एकत्र ठेवली आहेत. कुठूनही वाचायला सुरुवात केली तरी चालेल.

ताई, तुम्ही नेमकं काय करायलात?

दोन न्यूरॉन, म्हणजे निरोप नेणाऱ्या चेतापेशी, एकमेकांशी बोलतात ती जागा म्हणजे सिनॅप्स. तिथं दोघांच्या मध्ये साधारण २० नॅनोमीटरची फट असते. एका बाजूचं टोक रसायन सोडतं, पलीकडचं ते ओळखतं आणि निरोप पुढं जातो. शाळेच्या पुस्तकातलं चित्र इथं संपतं. प्रत्यक्षात बऱ्याच सिनॅप्सना तिसरी एक पेशी बिलगून बसलेली असते. तिचं नाव ॲस्ट्रोसाइट. ही ग्लिया कुटुंबातली. ती फटीतलं रसायन उचलते, न्यूरॉनला इंधन पुरवते, नवीन सिनॅप्स तयार व्हायला मदत करते. यातलं कोणतं काम कधी आणि कसं होतं, हे उंदराच्या मेंदूत मोजणं हा माझा धंदा.

सिनॅप्स बिघडला की काय होतं? गावाकडचं उदाहरण द्या.

कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेला माणूस मराठवाड्यात बहुतेकांनी पाहिलेला असतो. तोंडाला फेस, घामानं निथळलेलं अंग, टाचणीएवढ्या झालेल्या बाहुल्या, मांसपेशी फडफडतात, श्वास लागतो. हे सगळं सिनॅप्सवर घडतं. नसा आणि स्नायू ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनानं बोलतात. निरोप पोचला की एक एन्झाइम ते रसायन लगेच तोडून टाकतं. मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं नेमकं हे एन्झाइम बंद पाडतात. मग ॲसिटिलकोलीन साचून राहतं आणि निरोप थांबतच नाही. दवाखान्यात ॲट्रोपिन देतात ते रसायनाची जागा अडवून धरायला. म्हणून फवारताना कुणाला मळमळ आणि घाम सुटला, तर सावलीत बसवून ताक पाजत वेळ काढू नका. कपडे काढा, अंग धुवा आणि सरळ दवाखाना गाठा.

दुसरं उदाहरण मण्यारीचं. रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूजही फारशी नाही, आणि पहाटे पापण्या उघडत नाहीत. तिच्या विषातले काही घटक नसेच्या टोकावर हल्ला करतात; रसायन सोडणारी यंत्रणाच उद्ध्वस्त होते. नागाचं विष मुख्यतः पलीकडच्या बाजूला, स्नायूवरच्या ग्राहकांना (रसायन ओळखणाऱ्या प्रथिनांना) अडवून बसतं. फट तीच, पण बिघाड वेगवेगळ्या काठांवर. त्यामुळंच निओस्टिग्मीन हे इंजेक्शन नागाच्या दंशात उपयोगी पडतं आणि मण्यारीच्या दंशात फारसं पडत नाही. खराब झालेलं टोक पुन्हा वाढेपर्यंत रोग्याला व्हेंटिलेटरवर ठेवावं लागू शकतं. सर्पविषावरचं प्रतिविष दोन्हीकडं लागतंच, आणि लवकर लागतं.

मेंदूत दहा ग्लिया मागं एकच न्यूरॉन असतो म्हणे?

नाही. हा आकडा अनेक वर्षं पाठ्यपुस्तकांतून फिरला. २००९ साली ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हौझेल आणि सहकाऱ्यांनी मोजणीचे आकडे दिले. पद्धत ऐकून पोरं हसतात: मेंदू विरघळवून त्याचं पातळ सूप करायचं, सगळ्या पेशींची केंद्रकं त्यात सारखी मिसळायची, थेंबातली मोजायची आणि गुणाकार करायचा. उत्तर आलं सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन आणि जवळजवळ तेवढ्याच बाकीच्या पेशी. म्हणजे जोडीला जोडी. ‘आपण मेंदूचा दहा टक्केच वापर करतो’ हेही याच पोत्यातलं आहे. ते खरं नाही.

आइन्स्टाइनच्या मेंदूत ग्लिया जास्त होत्या ना?

१९८५ मध्ये मॅरियन डायमंड यांनी त्याच्या मेंदूच्या चार तुकड्यांचा अभ्यास छापला. त्यातल्या एकात न्यूरॉनच्या मानानं ग्लिया जास्त दिसल्या. तुलना ११ माणसांशी, आणि आइन्स्टाइन एकच. एका माणसाच्या मेंदूवरून बुद्धीचं कारण काढता येत नाही. यूट्यूबवर मात्र निघतं.

ग्लिया एवढ्या महत्त्वाच्या, तर इतकी वर्षं दुर्लक्ष कसं झालं?

दिसत नव्हत्या असं नाही. १८५० च्या दशकात रुडॉल्फ विर्शोनं मेंदूतल्या या भरावाला नाव दिलं. त्याला ते न्यूरॉनना सांधून ठेवणारं द्रव्य वाटलं. मेंदूच्या पेशी रंगवून पाहणाऱ्या गोल्जी आणि काहाल या दोघांना १९०६ चं नोबेल वाटून मिळालं, आणि दोघांनीही ग्लियांची चित्रं काढली होती. काहालचाच शिष्य पीओ देल रिओ-होर्तेगा यानं १९१९ मध्ये मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, वेगळ्या ओळखून दाखवल्या. पाहिलं सगळ्यांनी. ऐकलं कुणी नाही, कारण ऐकायचं साधन न्यूरॉनसाठी बनलेलं होतं.

हे जरा जवळून सांगते. मेंदूची मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढी जाड चकती कापतो. कृत्रिम मेंदूजल तिच्यावरून सतत वाहतं ठेवतो, त्यात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. वर सूक्ष्मदर्शक. काचेची नळी तापवून ओढली की तिचं टोक साधारण मायक्रोमीटरभर उरतं. ते पेशीच्या कडेला टेकवायचं आणि रबरी नळीतून तोंडानं हळूच हवा ओढायची. पेशीचं आवरण काचेला घट्ट चिकटलं की पडद्यावरची रेघ एकदम सपाट होते. अजून जराशी ओढ, आणि आपण आत. न्यूरॉन असेल तर वीज ढकलली की टोकदार उसळ्या येतात, तड तड तड. ॲस्ट्रोसाइट असेल तर उणे ८० मिलिव्होल्टच्या आसपास शांत बसलेली रेघ. वीज ढकला, थोडी वर जाते, परत खाली येते. उसळी नाही. कित्येक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत अशी रेघ दिसली की लोक नळी मागं घ्यायचे, टोक बदलायचे आणि शेजारची पेशी धरायचे.

मग कॅल्शियम वाढलं की उजळणारी रंगद्रव्यं आली. १९९० मध्ये कॉर्नेल-बेल आणि सहकाऱ्यांनी बशीत वाढवलेल्या ॲस्ट्रोसाइटवर ग्लुटामेट (न्यूरॉन निरोपासाठी सोडतात ते एक रसायन) टाकलं आणि कॅल्शियमच्या लाटा एका पेशीतून दुसरीत जाताना दाखवल्या. विजेच्या काट्यावर मुक्या असलेल्या पेशी दुसऱ्या मार्गानं हलत होत्या. आमचं क्षेत्र खऱ्या अर्थानं तिथून धावायला लागलं.

एका ॲस्ट्रोसाइटच्या ताब्यात किती सिनॅप्स असतात?

उंदरात अंदाजे एक लाख. माणसात वीस लाखांपर्यंत जातात असा हिशोब आहे. निरोगी मेंदूत प्रत्येक ॲस्ट्रोसाइटचा इलाका ठरलेला असतो. शेजारणीशी संबंध फक्त धुऱ्यावर, तोही निसटता. आपल्याकडच्या शेतांपेक्षा जास्त शिस्त. फिट येणाऱ्या उंदरांच्या मेंदूत हे धुरे मोडलेले दिसले, पेशी एकमेकींच्या हद्दीत शिरलेल्या. फिटमुळं हद्दी मोडतात की हद्दी मोडल्यानं फिट येते, यावर अजून काम चालू आहे.

सिनॅप्स तयार व्हायला ग्लिया लागतात, हे कशावरून?

या क्षेत्रातला माझा सगळ्यात आवडता पुरावा आहे, म्हणून लांबण लावते.

स्टॅनफर्डमध्ये बेन बॅरेस यांच्या प्रयोगशाळेत उंदराच्या दृष्टिपटलातले न्यूरॉन अतिशय शुद्ध वेगळे काढायची पद्धत होती. इतके शुद्ध, की सोबत एकही ग्लिया नको. पोषण दिलं की हे न्यूरॉन बशीत मजेत जगायचे, फांद्या फुटायच्या, पण आपसात फारसं बोलायचे नाहीत. १९९७ मध्ये फ्रीगर आणि बॅरेस यांनी दाखवलं की त्याच बशीत ग्लिया सोडल्या की सिनॅप्सवरची हालचाल कैक पटींनी वाढते. २००१ मध्ये त्याच प्रयोगशाळेनं संख्या मोजली: सिनॅप्स सुमारे सात पट. पेशीही लागत नव्हत्या, ग्लिया वाढवलेलं पाणी घातलं तरी चालायचं. म्हणजे ग्लिया पाण्यात काहीतरी सोडतात. ते काय, हे शोधण्यात पुढची वर्षं गेली. २००५ मध्ये थ्रॉम्बोस्पाँडिन नावाची प्रथिनं सापडली. पण त्यांनी बांधलेले सिनॅप्स अर्धवट: एका बाजूनं रसायन सुटतं, दुसऱ्या बाजूला ते ओळखणारं नीट बसलेलं नाही. ती दुसरी बाजू उघडणारी ग्लिपिकन ही प्रथिनं २०१२ मध्ये सापडली.

आता गंमत. थ्रॉम्बोस्पाँडिन न्यूरॉनवरच्या ज्या ग्राहकाला धरतं तो २००९ मध्ये कळला, आणि तो निघाला गॅबापेन्टिनचा ग्राहक. हे औषध तुमच्या घरातही असेल. शुगरमुळं तळपायाची आग होते त्यांना डॉक्टर लिहून देतात. उंदरांत गॅबापेन्टिननं नवे सिनॅप्स बनणं अडतं, झालेले मोडत नाहीत. हे वाचून आईच्या गोळ्या बंद करू नका. औषध बाजारात आलं तेव्हा त्याचा ग्लियाशी संबंध कुणाच्या डोक्यातही नव्हता, एवढंच मला सांगायचं आहे.

आणि ग्लिया सिनॅप्स खातात हेही खरं?

खरं आहे, आणि ते चांगलं आहे. लहानपणी मेंदूत गरजेपेक्षा जास्त सिनॅप्स तयार होतात. नंतर छाटणी होते. बेथ स्टीव्हन्स यांनी २००७ मध्ये बॅरेस यांच्याकडं असताना दाखवलं की रक्तात जंतूंवर खूण करणारी कॉम्प्लिमेंट प्रथिनं मेंदूत काही सिनॅप्सवर बसलेली असतात. पुढं २०१२ मध्ये मायक्रोग्लिया हे सिनॅप्स गिळताना दाखवले गेले. २०१६ मध्ये स्किझोफ्रेनियाचा धोका आणि याच कुटुंबातलं सी-फोर हे जनुक यांचा संबंध पुढं आला. अल्झायमरच्या उंदरांतही हीच यंत्रणा अवेळी जागी होताना दिसली. यावरून ‘मनाचा आजार म्हणजे मायक्रोग्लियाचं चुकतं’ असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा. धोका वाढवणारी जनुकं शेकड्यांनी आहेत.

ग्लिया स्वतः निरोप पाठवतात का?

इथं आमच्यात भांडण आहे, आणि ते मिटलेलं नाही.

एक बाजू म्हणते की ॲस्ट्रोसाइट न्यूरॉनसारखंच रसायन सोडतात आणि सिनॅप्सच्या बोलण्यात भाग घेतात. १९९९ पासून ‘तीन भागीदारांचा सिनॅप्स’ ही कल्पना रुळली. २००५ मध्ये ॲस्ट्रोसाइटमधली ही सोडण्याची यंत्रणा बंद केलेले उंदीर तयार झाले, त्यांच्यावर भराभर शोधनिबंध आले. २०१४ मध्ये दुसऱ्या गटानं दाखवलं की बंद पाडणारं ते जनुक न्यूरॉनमध्येही शिरलं होतं. मग परिणाम कुणाचा? दुसरीकडं, ॲस्ट्रोसाइटच्या मुख्य धडातली कॅल्शियमची उसळी काढून टाकलेले उंदीर होते. त्यांचे सिनॅप्स व्यवस्थित चालत होते. त्यावर पहिल्या बाजूचं उत्तर आलं: धडात कॅल्शियम वाढत नसेल, बारीक फांद्यांत अजून वाढतं. तेही मोजून दाखवलं गेलं. २०२३ मध्ये व्होल्टेरा यांच्या गटानं म्हटलं की सगळे नाहीत, पण हिप्पोकॅम्पसमधले (आठवणी घडवणाऱ्या भागातले) मोजके ॲस्ट्रोसाइट खरंच ग्लुटामेट सोडतात.

माझं मत विचाराल तर सिनॅप्स बांधणं आणि साफसफाई हा पुरावा पक्का आहे, निरोप पाठवण्याचा अजून कच्चा. साफसफाई म्हटलं की पोरांचा चेहरा उतरतो, पण ते काम लहान नाही. ग्लुटामेट फटीत राहिलं तर न्यूरॉन अतिउत्तेजनानं मरतात. ॲस्ट्रोसाइट ते ओढून घेतात, त्याचं ग्लुटामीन करतात आणि परत देतात. मेंदूतला अमोनियाही याच वाटेनं निकामी होतो. लिव्हर पार खराब झालेला माणूस असंबद्ध बोलतो, दिवसा झोपतो, हात थरथरतात. त्याच्या रक्तात अमोनिया साचलेला असतो आणि तो पेलता पेलता ॲस्ट्रोसाइट सुजलेले असतात. दारूपायी लिव्हर गेलेल्या माणसाला ‘भरकटल्यासारखं करायलाय’ म्हणतात, तेव्हा मला आधी या पेशी आठवतात.

हळद खाल्ल्यानं मेंदू सुधारतो का?

वसमतच्या हळदीच्या मोंढ्यात हे बोलायला हिंमत लागते, पण नाही. हळदीतल्या कर्क्युमिनवर शोधनिबंधांचे ढीग आहेत. बशीतल्या पेशींवर ते चांगलं दिसतं, कारण ते अनेक चाचण्यांत खोटा होकार देतं. पोटातून रक्तात अगदी थोडं उतरतं आणि मेंदूपर्यंत त्याहून थोडं. भाव वाढो, माझी काही हरकत नाही, भाजीत घाला.

माझ्या मुलाला फिट येते. तुमच्या संशोधनातून औषध कधी निघेल?

मी रोगी तपासणारी डॉक्टर नाही, आणि तारीख देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आज जी औषधं आहेत त्यांनी बहुतेकांची फिट आटोक्यात राहते. सहा महिने फिट आली नाही म्हणून गोळी आपल्या मनानं सोडणं हे मी आमच्या भागात सगळ्यात जास्त पाहते. फिट चालू असताना कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, दातात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान बाजूला करा, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर दवाखाना.

उंदीर मारावे लागतात? घरी माळकरी आहेत ना तुमच्या?

आहेत. आजोबांनी तुळशीची माळ घातलेली, घरात अंडंसुद्धा येत नाही. हो, मारावे लागतात. ‘बेशुद्ध करतो, त्याला काही कळत नाही’ हे वाक्य खरं आहे, पण प्रश्न तेवढ्यानं सुटत नाही. प्रत्येक प्रयोगाआधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीसमोर अर्ज जातो: किती उंदीर, का, त्याहून कमी चालतील का, बशीतल्या पेशींवर भागेल का. समितीत बाहेरची माणसंही असतात आणि ती अडवतात. कधी चिडचिड होते, पण ते बरोबर आहे.

फळमाशीवरही खूप काम होतं. टीआयएफआर या मुंबईच्या संशोधनसंस्थेतले ओबेद सिद्दिकी यांनी सिमूर बेन्झर यांच्याबरोबर १९७६ मध्ये गरम केल्यावर लुळ्या पडणाऱ्या माश्यांवर निबंध लिहिला होता. असे जनुक बदललेले जीव पुढं सिनॅप्सवर रसायन कसं सुटतं हे उलगडायला उपयोगी पडले. ज्यांना उंदीर नको त्यांनी माशी घ्यावी. विज्ञान दुय्यम होत नाही. घरी मात्र माझा विषय जेवताना निघत नाही.

डॉक्टरकीची नीट परीक्षा सोडून हे कशाला? लातूर पॅटर्नची मुलगी ना तुम्ही?

बारावी लातूरलाच. आमच्या वर्गातले अर्धे आज डॉक्टर आहेत, चांगले आहेत, आणि माझ्याहून कैक पटींनी कमावतात. मला रोग्यापेक्षा पेशी आवडली, बस.

पण डॉक्टर होऊनही इकडं येता येतं. बेन बॅरेस आधी न्यूरॉलॉजीचे डॉक्टर होते. आजारी मेंदूत ग्लिया विचित्र दिसतात आणि त्याचं कारण कुणालाच सांगता येत नाही, या एका खटक्यावर त्यांनी पुन्हा पीएचडी केली, मग लंडनला मार्टिन रॅफ यांच्याकडं काम केलं आणि १९९३ मध्ये स्टॅनफर्डला स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. ग्लिया तेव्हा फॅशनमध्ये नव्हत्या. त्यांचा जन्म १९५४ मध्ये मुलगी म्हणून झाला होता. १९९७ मध्ये, सिनॅप्सचा तो निबंध आला त्याच वर्षी, ते पुरुष म्हणून जगू लागले. दोन्ही बाजूंनी विज्ञान पाहिल्यामुळं बाईच्या कामाला कमी कसं लेखलं जातं हे त्यांनी २००६ मध्ये ‘नेचर’मध्ये सडेतोड लिहिलं. २०१७ मध्ये ते गेले. त्यांच्या हाताखालून बाहेर पडलेली माणसं आज निम्मं क्षेत्र चालवतात, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

रस्ता कसा आहे? पैसे मिळतात का?

बारावीनंतर बीएस्सी (प्राणिशास्त्र, बायोकेमिस्ट्री, बायोटेक, भौतिकशास्त्रवाल्यांनाही आमच्याकडं मागणी आहे), किंवा आयसर या केंद्रीय विज्ञानसंस्थांची आयएटी ही प्रवेशपरीक्षा. बीएस्सीनंतर जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन चांगल्या ठिकाणी एमएस्सी. मग नेट-जेआरएफ, गेट किंवा टीआयएफआर-एनसीबीएसची परीक्षा आणि मुलाखत. मेंदूविज्ञानासाठी बेंगळुरूचं एनसीबीएस, आयआयएस्सी आणि निम्हान्स, मानेसरचं एनबीआरसी, मुंबईचं टीआयएफआर, पुण्याचं आयसर ही नावं लक्षात ठेवा.

पीएचडी पाच-सहा वर्षं. जेआरएफला (पीएचडीची फेलोशिप) २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, दोन वर्षांनी ४२,०००. फी भरून शिकायची सवय असलेल्या पालकांना, शिकताना पैसे मिळतात हे पटायला वेळ लागतो. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. आणि फेलोशिपचे पैसे कधी कधी महिनोन्‌महिने उशिरा येतात, हेही आधीच ऐकून ठेवा. घरावर कर्ज असेल तर हे लपवून मुलाला या वाटेला लावू नये. पीएचडीनंतर परदेशात किंवा इथं पोस्टडॉक (ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम), आणि कायमची नोकरी मिळेपर्यंत वय पस्तिशीच्या आसपास. सगळ्यांना ती मिळत नाही. औषध कंपन्या, विज्ञानलेखन, अध्यापन, डेटाचं काम या वाटा आहेत आणि त्या हरल्याच्या खुणा नाहीत.

मराठी माध्यमातून जमेल का?

जमतं. शोधनिबंध वाचताना आधी आकृत्या बघा, मग त्याखालचा मजकूर, मग पद्धती. प्रस्तावना शेवटी. आकृतीत काय मोजलंय ते मराठीत स्वतःच्या वहीत लिहा. लिहिता आलं नाही तर इंग्रजीचा दोष नाही, निबंध अजून कळलेला नाही. बोलायचं इंग्रजी पहिल्या वर्षी अडखळतं. मुलाखतीत ते कुणी मोजत नाही. आलेख वाचता येतो का हे मात्र मोजतात.

लग्नाचं काय?

झालं आहे. पुढचा प्रश्न.

मराठवाड्यात राहून असं संशोधन होईल का?

मी करते तसलं, आज अवघड आहे. त्याला प्राणीगृह लागतं, कोट्यवधींचे सूक्ष्मदर्शक लागतात आणि प्रयोगाच्या मध्यात न जाणारी वीज लागते. औंढा नागनाथजवळ लायगो उभारायला केंद्रानं २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी मंजूर केले. गुरुत्वीय लहरी मोजणारं यंत्र हिंगोली जिल्ह्यात येतंय, हे माझ्या लहानपणी कुणी सांगितलं असतं तर हसले असते. त्याचा जीवशास्त्राला थेट उपयोग नाही. पण रस्ते, वीज, आणि ‘इथं काही होत नाही’ म्हणणाऱ्यांची तोंडं, यांवर परिणाम होईल.

यंत्राविना होणारं कामही असतं. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले. कोकणात महाडच्या ग्रामीण भागात विंचूदंशाचे रोगी खाटेशेजारी बसून त्यांनी तासातासाला पाहिले. लाल विंचवाचं विष नसांच्या पेशीआवरणातली सोडियमची दारं उघडी ठेवतं, टोकांतून ॲड्रेनलीनसारख्या रसायनांचा लोंढा सुटतो आणि हृदय खचतं. त्यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी चालते, हे त्यांनी दाखवलं आणि मृत्यू झपाट्यानं घटले. ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री. सिनॅप्सचाच अभ्यास आहे हा, नळी न टोचता केलेला. मण्यार आणि फवारणीच्या विषबाधेच्या नीट ठेवलेल्या नोंदी आपल्या तालुका रुग्णालयांतून यायला हव्यात असं मला फार वाटतं. एमबीबीएसवाल्यांनो, हे तुमच्यासाठी.

सुट्टीत तुमच्या प्रयोगशाळेत यायला मिळेल का?

थेट नाही, पण रस्ता आहे. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. दोन महिने, विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांनाही, प्रवासखर्च आणि विद्यावेतनासह. अर्ज हिवाळ्याच्या तोंडाशी निघतात, मार्चमध्ये जागं होऊन उपयोग नाही. कॉलेजच्या सरांची शिफारस लागते. ती आठवडाभर आधी मागा, आदल्या रात्री नाही.

अर्जात ‘मला मेंदूविषयी लहानपणापासून कुतूहल आहे’ हे वाक्य प्रत्येकाचं असतं. त्याऐवजी एखादा निबंध वाचून त्यातली कोणती आकृती पटली नाही ते चार ओळींत लिहा. चुकीचं असलं तरी चालेल. आणि मला ईमेल करणार असाल तर ‘रिस्पेक्टेड सर’ लिहू नका, ताई चालेल.